ब्रेडेड दोरी : लहान स्पिनिंग रिळावरील वापर

पॉलिएथिलीनच्या अतिशय चिवट तंतूंचे चार किंवा आठ पेड वेणीसारखे गुंफून केलेली गळाची दोरी. नायलॉनचा तंगूस एकसंध असतो आणि ओढला की रबरासारखा थोडा लांबतो. ब्रेडेड दोरी जवळजवळ लांबतच नाही, पाण्यावर तरंगते आणि तेवढ्याच ताकदीच्या तंगुसापेक्षा निम्म्याच्या आसपास जाडीची असते. लहान स्पिनिंग रीळ (गळाच्या काठीवर बसवायची दोरी गुंडाळण्याची चकरी) म्हणजे साधारण १००० ते २५०० क्रमांकाचे. विदर्भात मामा (माजी मालगुजारी) तलाव, बोड्या (लहान तळी), वर्धा-वैनगंगेचे डोह अशा ठिकाणी हलकी गरी टाकायला ते पुरते. (तलावातील मासेमारीचा हक्क बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, आधी तिला विचारावे.)

लहान स्पूलवर (रिळाच्या ज्या भागावर दोरी गुंडाळतात त्यावर) जाड तंगूस वेटोळ्यांची सवय धरतो आणि स्प्रिंगसारखा उसळून बाहेर पडतो. ब्रेडेड दोरी लुळी असल्याने हा त्रास नाही. जागाही वाचते. दोरीला लागणारी जागा जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ०.२५ मिमीचा १२० मीटर तंगूस मावणाऱ्या स्पूलवर ०.१५ मिमीची दोरी सुमारे ३३० मीटर मावते. पण हलक्या गरीची फेक ४०-५० मीटरपुढे क्वचितच जाते, त्यामुळे सगळी ब्रेडेड भरणे म्हणजे पैसे पाण्यात. खाली ८० मीटर तंगूस आणि वर १०० मीटर ब्रेडेड, एवढे पुरे.

खालच्या तंगुसाचे दुसरे काम जास्त महत्त्वाचे आहे. गुळगुळीत स्पूलवर थेट बांधलेली ब्रेडेड दोरी पकड घेत नाही. मासा ओढू लागला की आतली सगळी गुंडाळी स्पूलभोवती फिरते आणि ड्रॅग (ताण वाढला की दोरी सुटू देणारा रिळाचा ब्रेक) बिघडला असे वाटते. अनेकांनी याच कारणाने चांगली रिळे उघडून बसवली आहेत.

नेमका किती तंगूस लागेल ते मोजायचे तर तलावाची मोकळी पाळ सोयीची. आधी ब्रेडेड, तिला जोडून तंगूस असे स्पूल भरावे आणि पुरेसे भरले की तंगूस कापावा. मग सगळी दोरी पाळीवर पसरून ब्रेडेडचे टोक एखाद्या पळसाला बांधावे, तंगुसाचे टोक स्पूलला बांधावे आणि पळसाच्या दिशेने चालत गुंडाळावे. पाळीवर गोखरू नसावेत. गुंडाळताना दोरी ओल्या दुपट्ट्याच्या घडीतून घट्ट धरून जाऊ द्यावी. स्पूलच्या काठापासून दीड-दोन मिमी जागा मोकळी सोडावी. काठोकाठ भरलेल्या स्पूलवरून एका फेकीत पाच-सहा वेढे एकदम सुटतात.

बहुतेक तक्रारी सैल गुंडाळीपाशी येऊन थांबतात. सैल थरात वरची दोरी ताणाने रुतते, पुढच्या फेकीला अडकते आणि गळ तुटून उडून जातो. दुसरी चूक म्हणजे फेकीनंतर हँडल फिरवून बेल (रिळावरची दोरी धरणारी तारेची कमान) बंद करणे. तसे केले की एक सैल वेढा बाहेर राहतो आणि पुढच्या फेकीला त्याचीच गाठ होते. बेल हाताने बंद करावी, दोरी एकदा बोटाने ताणून घ्यावी, मगच हँडल फिरवावे. गाठ झालीच तर ओढू नये. बाभळीच्या काट्याने वेढा सैल करत गेले तर बहुतेक गाठी दोन मिनिटांत सुटतात. ओढलेली गाठ कापावीच लागते.

टोकाला दीड मीटर नायलॉनचा लीडर (दोरी आणि गळ यांमधला तुकडा) लावावा, ०.३० मिमीच्या आसपास. ब्रेडेड दोरी दगडाच्या धारेवर ताणलेली असताना चटकन कापते, आणि पश्चिम विदर्भातल्या नद्यांच्या तळाला बेसाल्ट भरपूर आहे. जोडणीला दुहेरी युनी गाठ चालते: नायलॉनचे चार वेढे, ब्रेडेडचे सात-आठ. गाठ ओली करून सावकाश आवळावी. कोरड्या घर्षणाची उष्णता दोन्ही दोऱ्यांना मारक. तंगुसासाठी हाताला बसलेली साधी गाठ ब्रेडेडवर घसरते.

दोरी लांबत नसल्याने धक्का सोसण्याचे काम ड्रॅगवर येते. आठ किलो ताण सोसणारी दोरी असली तरी लहान रिळाचा ड्रॅग ताणकाट्याने मोजून एक ते दीड किलोवर ठेवावा. जास्त ठेवला तर रोहूच्या मऊ ओठातून गळ फाडून निघतो. कमळाच्या देठांतला मोठा मरळ मात्र रेटूनच काढावा लागतो. ते या रिळाचे काम नाही. आणि डब्यावर छापलेल्या किलोंवर फार भरवसा नको, मिलिमीटरही स्वस्त दोरीत कमी करून छापलेले असतात.

गळ बुडालेल्या झाडात अडकला तर दोरी हाताला गुंडाळून ओढू नये, बोट हाडापर्यंत कापते. काठीला चार वेढे देऊन सरळ मागे जावे. तुटलेले तुकडे पाण्यात सोडू नयेत. ही दोरी कुजत नाही, बगळ्यांच्या पायांत अडकते.

रंग उडणे म्हणजे कमजोर होणे नव्हे. पृष्ठभागावर लव सुटली, दोरी खरखरीत लागू लागली की ब्रेडेड काढून उलटी भरावी. आतली ५० मीटर बहुधा नव्यासारखीच निघते.