फ्लेक्सच्या चौरस फुटापासून डाउनलोडच्या सेंटपर्यंत

बेळगावची शिवजयंती तिथीने, वैशाखात होते. चित्ररथांच्या मिरवणुकीच्या आधीचे काही दिवस शहरातल्या डिझायनर पोरांची झोप उडालेली असते. मंडळाचे कार्यकर्ते शुभेच्छुकांचे फोटो पाठवतात, नावांचा क्रम तीनदा बदलतात आणि महाराजांच्या चित्राबद्दल एवढंच सांगतात, "नेटवरचं एखादं भारी बघून टाक." बिल होतं ते फ्लेक्सच्या चौरस फुटावर. डिझाइनचे वेगळे पैसे मागितले की चेहरे पडतात. सीमाभागात डिजिटल चित्र वर्षानुवर्षे असंच विकलं गेलं: पैसे कापडाचे, चित्र वरकड. ऑनलाइन बाजारांनी हा हिशेब उलटा केला. तिथं कापड नाही, शाई नाही, विकला जातो तो चित्र वापरण्याचा परवाना.

एका चित्राच्या अनेक प्रती विकण्याचा धंदा मात्र आपल्याकडे जुना. पुण्यात 1878 साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि सहकाऱ्यांनी चित्रशाळा हा छापखाना काढला. राजा रविवर्म्याने 1894 साली मुंबईत छापखाना सुरू केला. त्याचे देवदेवतांचे ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी छापील चित्रं, घराघरांत पोचले, पण छापखाना तोट्यात गेला आणि शेवटी जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशरच्या हाती आला. एवढ्या नावाजलेल्या चित्रकाराची ही गत, तर बाकीच्यांचं काय सांगावं! बेळगाव 1956 पर्यंत मुंबई राज्यात होतं, त्यामुळे इथल्या होतकरू चित्रकाराची नजर मुंबई-पुण्याकडे. ज्यांना तिकडे जाणं जमलं नाही, ते दुकानाच्या पाट्या रंगवत, ट्रकच्या मागे नावं लिहीत.

संगणक आला तो याच पाट्यांच्या धंद्यात. कोरलड्रॉ हे चित्र-मांडणीचं सॉफ्टवेअर शिकलेला पोरगा म्हणजे डिझायनर. लग्नपत्रिकेला मराठी टायपिंगसाठी श्रीलिपी, कानडी मजकुरासाठी नुडी. दोन्ही हाताशी नसतील तर बेळगाव, खानापूर, निपाणीत गिऱ्हाईक टिकत नाही. फ्लेक्स छपाई आल्यावर ब्रशवाले पेंटर भराभर मागे पडले. 2024 च्या कायद्याने कर्नाटकात व्यावसायिक फलकांवर 60 टक्के कन्नड सक्तीचं झालं आणि जुने फलक पुन्हा करून घेण्याचं काम याच दुकानांत आलं. भाषेच्या वादाचं काय व्हायचं ते होवो, कोरलची फाइल दोन्ही भाषांत करून द्यावी लागली.

तिकडे परदेशात 2000 साली दोन गोष्टी सुरू झाल्या. कॅनडातल्या कॅलगरीत आयस्टॉकफोटो निघालं: आधी छायाचित्रांची फुकट देवघेव, मग किरकोळ भावात विक्री. त्याच वर्षी डेव्हिअंटआर्ट या साइटवर हौशी चित्रकार जमू लागले. 2003 मध्ये न्यूयॉर्कला शटरस्टॉकने वर्गणीची पद्धत आणली. ग्राहक ठरावीक रक्कम भरणार, वाटेल ती चित्रं उतरवणार आणि चित्रकाराला प्रत्येक डाउनलोडमागे काही सेंट मिळणार. 2005 मध्ये एट्सी हा ऑनलाइन बाजार, 2006 मध्ये मेलबर्नचं रेडबबल आलं. रेडबबलवर चित्र टी-शर्टवर, मगवर छापून पाठवण्याचं काम बाजारच करतो. गणपती, दिवाळी, शिवजयंती यांच्या व्हेक्टर (कितीही मोठी केली तरी न फुटणाऱ्या) चित्रांनाही या बाजारांत गिऱ्हाईक आहे. मात्र शोधशब्द बहुधा इंग्रजीत द्यावे लागतात. मोदकाला इंग्रजीत काय म्हणावं यावर बराच खल होतो.

पैसे घरी येणं हा वेगळाच खटाटोप होता. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2010 मध्ये पेपॅलसारख्या मार्गांनी येणाऱ्या निर्यातीच्या पैशावर दर व्यवहाराला 500 डॉलरची मर्यादा घातली, 2011 मध्ये ती 3000 केली. अमेरिकेतल्या विक्रीवर तिथला कर कापला जातो. डब्ल्यू-8बेन हा फॉर्म पॅन क्रमांकासह भरला, तर रॉयल्टीवरचा कर करारानुसार 30 वरून 15 टक्क्यांवर येतो. हा फॉर्म न भरता निम्म्या कराची सवलत सोडून देणारे अजून आहेत. 2016 नंतर जिओमुळे डेटा स्वस्त झाला आणि जड फाइल चढवायला सायबर कॅफेत जाणं संपलं.

बाजाराचे नियम बदलतात ते मात्र एका ईमेलने. जून 2020 मध्ये शटरस्टॉकने ठरावीक मोबदला मोडून विक्रीच्या 15 ते 40 टक्क्यांच्या पायऱ्या आणल्या. किमान मोबदला 10 सेंटवर आला आणि दर जानेवारीला सगळे पुन्हा पहिल्या पायरीवर. वर्षभर कमावलेली पत नव्या वर्षी पुसून टाकणारी ही रीत मला सरळ अन्यायाची वाटते. मार्च 2021 मध्ये बीपल या अमेरिकन चित्रकाराचं डिजिटल चित्र क्रिस्टीजच्या लिलावात 6 कोटी 93 लाख डॉलरला गेलं आणि एनएफटीचा, म्हणजे डिजिटल चित्राच्या मालकीच्या ब्लॉकचेनवरील नोंदीचा, गाजावाजा झाला. भारतात 1 एप्रिल 2022 पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर 30 टक्के कर लागला, जुलैपासून 1 टक्का टीडीएस. पुनर्विक्रीतही चित्रकाराला वाटा मिळेल, हे एनएफटीतलं मोठं आकर्षण. ओपनसी या एनएफटी बाजाराने 2023 मध्ये ती वसुलीही ऐच्छिक केली.

त्याआधीच, 2022 मध्ये, मिडजर्नी आणि स्टेबल डिफ्यूजन हे शब्दांवरून चित्र काढणारे एआय प्रोग्राम आले होते. गेटी या चित्रबाजाराने यंत्राने काढलेली चित्रं नाकारली, अॅडोबी स्टॉकने तशी खूण करण्याच्या अटीवर घेतली. भाव पाडण्याइतकीच आणखी एक अडचण त्यातून पुढे आली: चित्र कोणाचं, हे सांगता येणं. बेळगावच्या डिझायनरला हा प्रश्न आधीपासूनच होता. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे मोबदला घेऊन, कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या रंगचित्राचा किंवा व्यक्तिचित्राचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, काम सांगणारा असतो. म्हणजे एखाद्या मंडळासाठी रंगवलेला गणपती स्टॉक साइटवर चढवण्याआधी मंडळाशी दोन ओळींचा लेखी करार हवा. आणि बॅनरमध्ये वापरलेली मावळ्यांची रांग फ्रीपिक या तयार चित्रांच्या साइटवरून उतरवलेली असेल, तर ती परत विकायला ठेवताच येत नाही. खातं बंद होतं, शिल्लक रक्कमही अडकू शकते.