इंटरप्ट बंद केले म्हणजे लॉक लागलं, हे कधीपासून खरं राहिलं नाही?

इंटरप्ट म्हणजे हातातलं काम थांबवून आपल्याकडे बघायला लावणारी, उपकरणाने प्रोसेसरला दिलेली हाक; लॉक म्हणजे एका वेळी एकालाच सामायिक माहिती बदलू देणारं कुलूप. प्रोसेसर एकच होता तोवर कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, स्वतंत्र लॉकची फारशी गरज नव्हती. उपकरण चालवणारा ड्रायव्हर आणि इंटरप्ट आल्यावर चालणारा कोड, म्हणजे इंटरप्ट हँडलर, दोघेही वापरतात ती यादी बदलायची, तर आधी इंटरप्ट बंद करायचे आणि काम झालं की चालू करायचे.

हार्डवेअरही त्याला साजेसंच होतं. १९८४ च्या पीसी/एटीमध्ये उपकरणांचे इंटरप्ट गोळा करणाऱ्या, ८२५९ जातीच्या दोन चिप होत्या. दुसरी पहिलीच्या एका रेषेवर जोडलेली, म्हणून १६ पैकी १५ रेषाच हाती यायच्या. सगळ्यांचा शेवट प्रोसेसरच्या एकाच पिनवर! दुसऱ्या प्रोसेसरपर्यंत इंटरप्ट न्यायला वाटच नव्हती. ती एपिक (APIC) या नव्या इंटरप्ट-नियंत्रकाने दिली: प्रत्येक प्रोसेसरला स्वतःचा लोकल एपिक, बोर्डावर आय/ओ एपिक. त्यातल्या प्रत्येक रेषेसाठी ६४ बिटांची नोंद; कोणता व्हेक्टर (इंटरप्टचा क्रमांक), कोणत्या प्रोसेसरला, हे तिथे ठरतं.

खरी पंचाईत सॉफ्टवेअरची झाली. इंटरप्ट बंद करण्याची सूचना फक्त स्वतःच्या प्रोसेसरपुरती चालते. शेजारच्यावरचा हँडलर तीच यादी खुशाल बदलतो. १९९६ च्या लिनक्स २.० ने सगळ्या कर्नलला एकच मोठं लॉक लावलं. पुढे ते विभागलं गेलं, तरी जुन्या ड्रायव्हरांसाठी सगळ्या प्रोसेसरांवरचे इंटरप्ट एकदम रोखणारी सोय ठेवावी लागली. ती सोय काम अचूक करायची, पण प्रोसेसर वाढतील तशी महाग पडायची. २००२ मध्ये, २.५ मालिकेत, ती काढून टाकली. तो निर्णय योग्यच होता, कारण त्यानंतर प्रत्येक ड्रायव्हरला आपण नेमकं काय राखतोय हे लिहून दाखवावं लागलं.

तेव्हापासूनची रीत: आधी स्थानिक इंटरप्ट बंद, मग स्पिनलॉक, म्हणजे मोकळं होईपर्यंत प्रोसेसरला जागच्या जागी फिरत वाट पाहायला लावणारं लॉक. पहिली पायरी गाळली आणि लॉक हातात असताना त्याच प्रोसेसरवर इंटरप्ट आला, तर हँडलर त्याच लॉकसाठी फिरत बसतो. लॉक सोडणारा कोड हँडलर परतल्याशिवाय पुढे सरकत नाही, आणि प्रोसेसर कायमचा अडकतो. इंटरप्ट दुसऱ्या प्रोसेसरवर आला तर मात्र नुसता क्षणभर थांबा, त्यामुळे ही चूक चाचणीत महिनोन्‌महिने लपून राहते. २००६ मध्ये आलेलं लॉकडेप हे लिनक्स कर्नलमधलं तपासणीचं साधन ती प्रत्यक्ष अडकण्याआधीच पकडतं: हँडलरमध्ये घेतलं जाणारं लॉक इतरत्र इंटरप्ट चालू ठेवून घेतलेलं दिसलं, की लगेच इशारा.

एमएसआय-एक्स (MSI-X) या, संदेशाने इंटरप्ट पाठवण्याच्या पद्धतीने तर तारही काढून टाकली. उपकरण ठरलेल्या पत्त्यावर एक शब्द लिहितं, झाला इंटरप्ट. एका उपकरणाला २०४८ पर्यंत. नेटवर्क कार्डाची एकेक रांग एकेका प्रोसेसरला बांधता येते, म्हणजे लॉकवरची ओढाताणच कमी. एक्स८६ वर मात्र प्रत्येक प्रोसेसरला व्हेक्टर २५६च, त्यातले पहिले ३२ अपवादांसाठी (शून्याने भागाकारासारख्या, प्रोसेसरला स्वतःलाच आढळणाऱ्या अडचणींसाठी) राखीव. एखादा प्रोसेसर बंद करताना त्याच्याकडचे इंटरप्ट उरलेल्यांवर हलवावे लागतात. तिथे पुरेसे व्हेक्टर मोकळे नसतील, तर लिनक्स तो प्रोसेसर बंद करायला नकार देतं.