‘शिवाजी म्हणतो’ आणि ताईंचं प्रशिक्षण

‘शिवाजी म्हणतो, हात वर!’ असं ऐकू आलं की हात वर करायचा. नुसतंच ‘हात वर!’ आलं तर हलायचं नाही. चार वर्षांच्या मुलांबरोबर हा खेळ खेळून बघा. नियम सगळ्यांना पाठ असतो, तरी बरेच हात वर जातात आणि मग ‘अरेच्चा!’ होतं. कळतं पण वळत नाही, अशी गत.

हात थोपवण्याचं हे काम कपाळामागचा मेंदूचा भाग करतो, आणि तो फार सावकाश तयार होतो. मेंदूविकासाच्या अभ्यासक अॅडेल डायमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली याची एक साधी चाचणी प्रसिद्ध केली. सूर्याचं चित्र दाखवलं की ‘रात्र’ म्हणायचं, चंद्र-चांदण्यांचं दाखवलं की ‘दिवस’. साडेतीन-चार वर्षांची मुलं यात वारंवार अडखळतात, सहा-सात वर्षांची बहुतेक ती सहज पार करतात. पाण्याच्या नळापाशी आपला नंबर येईपर्यंत थांबणं, समोरच्याच्या हातातली गाडी न हिसकावणं, गोष्ट संपेपर्यंत बसणं या सगळ्यामागे हीच क्षमता असते. म्हणून बालवाडीत हा खेळ घेणाऱ्या ताई मुलांचा वेळ घालवत नसतात. वही गिरवून घेणाऱ्या शाळांना हे पटवणं मात्र अजून जड जातं.

आता त्याच गोलात श्रवणयंत्र लावलेली एक मुलगी उभी करा. शेजारी, घरी कन्नड किंवा तेलुगू बोलणारा, आईवडिलांबरोबर हडपसरच्या बांधकामावर राहणारा मुलगा. त्याच्यापुढे चाकांच्या खुर्चीत बसलेला, हात पूर्ण वर न जाणारा तिसरा. पहिल्याच फेरीत तिघंही बाद, आणि बाद झाल्यावर कडेला बसायचं हा आपला जुना नियम. म्हणजे ज्यांना सराव सर्वांत जास्त हवा, त्यांनाच सर्वांत कमी मिळणार.

बालशिक्षिकेला नेमकं काय शिकवायचं, याचं उत्तर माझ्या मते इथे आहे: खेळात मेंदूला कोणतं काम पडतं आणि कोणती गोष्ट निव्वळ सवयीने चालत आलेली आहे, हे वेगळं करता येणं. ‘शिवाजी म्हणतो’मध्ये मेंदूचं काम आहे ते थोपवण्याचं. हुकूम तोंडानेच द्यायला हवा, हात डोक्याच्या वरच जायला हवा, चुकलेल्याने बाहेरच बसायला हवं, यातलं काहीही त्या कामाला आवश्यक नाही. ताईंनी स्वतः कृती करून दाखवायची, पण हातात हिरवा रुमाल असेल तेव्हाच मुलांनी ती करायची. पापण्या मिटणं, मान हलवणं अशा कृती घ्यायच्या. चुकेल त्याने पुढचा हुकूम द्यायचा. खेळ तितकाच अवघड राहतो आणि तिघंही शेवटपर्यंत आत राहतात. इतर मुलांनाही उलट जास्त फेऱ्या मिळतात. दिव्यांग मुलासाठी ‘वेगळा उपक्रम’ आखून त्याला खिडकीपाशी बसवण्यापेक्षा हे कितीतरी सरस.

दुसरं कौशल्य आणखी अवघड आहे, कारण ते न करण्याचं कौशल्य आहे. एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग प्रत्येक प्रशिक्षणात सांगावा असा आहे. एका खेळण्यात चार गमती दडवल्या होत्या. काही मुलांना मोठ्या माणसाने शिकवण्याच्या सुरात त्यातली एकच दाखवली: ‘हे बघ, हे खेळणं असं चालतं.’ काहींच्या समोर ते नुसतंच आलं. शिकवलेली मुलं ती एक गंमत करत बसली. न शिकवलेल्यांनी जास्त वेळ चाचपलं आणि जास्त गमती शोधल्या. मुलांचा तर्क बरोबरच होता म्हणा: मोठ्यांनी एवढंच दाखवलं, म्हणजे एवढंच असणार!

याचा अर्थ ताईंनी दारात उभं राहून मोबाईल बघावा असा नाही. २०२२ साली ३९ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात सुरुवातीचं गणित आणि आकारांची ओळख यांसाठी मोठ्यांनी हलका हात दिलेला खेळ थेट शिकवण्याहून सरस ठरला. हलका हात म्हणजे काय? तुळशीबागेतली भातुकली मांडली आहे, मुलं जेवण वाढतायत. ताई पाहुण्या होऊन येतात आणि म्हणतात, ‘आम्ही चौघं आलोय, ताटल्या तर तीनच दिसतात.’ एवढं बोलून गप्प बसायचं.

हे गप्प बसणंही मोजलेलं आहे. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकल्या, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं. तो काळ तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं, आणि एरवी न बोलणारी मुलं बोलू लागली. तोतरं बोलणाऱ्या, दुसऱ्या भाषेतून शब्द शोधणाऱ्या, हळू विचार करणाऱ्या मुलासाठी ते दोन जादा सेकंद म्हणजे वर्गात असण्या-नसण्यातला फरक. तीन सेकंद गप्प राहणं पुण्यात कोणालाच सोपं नाही, हा भाग वेगळा.

अशी गोष्ट सभागृहात पडद्यावर दाखवून अंगी येत नाही. शिक्षकांना वर्गात जाऊन सोबत करणाऱ्या मार्गदर्शकांवरच्या ६० अभ्यासांचा आढावा २०१८ साली निघाला. अशा सोबतीने शिकवणं सुधारतं, मात्र योजना जितकी मोठी तितका परिणाम पातळ होतो, असं त्यात आढळलं. मोठ्या संख्येने ताईंना तयार करायचं असेल तर हीच खरी अडचण. कुमठेकर रस्त्यावरच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने कितीही चांगली पुस्तिका काढली, तरी वस्तीतल्या अंगणवाडीत ताईंच्या शेजारी बसून ‘आता थांबा’ म्हणणारं माणूस लागतंच.

प्रशिक्षणात ताईंनी आधी स्वतः खेळायला हवं, हेही खरं. चिंचोके, बाटल्यांची झाकणं, आगपेटीच्या काड्या समोर ओतायच्या आणि सूचना द्यायची नाही. टाकाऊतून खेळणी करण्याची परंपरा पुण्यात आहेच. आयुका या खगोलविज्ञान संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी ती घराघरांत पोचवली. पण कार्यशाळांमधला एक लाडका प्रकार बंद करावा असं मला वाटतं: डोळ्यांना पट्टी बांधून ‘अंधत्वाचा अनुभव’ देणं. मिशेल नारिओ-रेडमंड यांच्या २०१७ सालच्या अभ्यासात अशा प्रयोगांनंतर लोकांच्या मनात असहायता आणि भीती वाढलेली दिसली. दहा मिनिटं पट्टी बांधलेल्याला अंध मुलीची रोजची हुशारी कळत नाही, फक्त स्वतःचं चाचपडणं कळतं. त्यापेक्षा तिच्याबरोबर बसून, आवाजावरून डबे ओळखण्याचा खेळ तिलाच रचायला सांगावा.

मुलाला शाळेप्रमाणे न वाकवता शाळाच मुलाप्रमाणे वाकवायची, हे आपल्याकडे नवं नाही. पुण्यात हुजूरपागेत शिकवलेल्या अनुताई वाघ १९४५ साली बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांबरोबर डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हणून बालवाडी त्यांच्या अंगणात गेली; गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात शाळा भरली. सरकारी अंगणवाडी योजना १९७५ साली आली, तीस वर्षांनी.

उरलं निरीक्षण. मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ साली मुलांच्या खेळाचे प्रकार नोंदवले. त्यात शेजारी बसून, न बोलता, तसंच काहीतरी आपलं आपण खेळणं हाही एक प्रकार आहे. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाबद्दल ‘मिसळत नाही’ एवढंच लिहिलं की दार बंद होतं. ‘दुसऱ्याच्या शेजारी बसून त्याच रंगाची झाकणं रचत होता, दोनदा त्याच्याकडे पाहिलं’ असं लिहिलं की उद्या काय करायचं ते सुचतं: दोघांत मिळून एकच टोपली द्यायची.

निदान करणं हे ताईंचं काम नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करतं. त्या दिवशी ‘लक्ष देत नाही’ असं सांगितलं तर डॉक्टरांना फारसं काही हाती लागत नाही. ‘पाठीमागून हाक मारली तर वळत नाही, समोर आल्यावर ओठांकडे बघतो, रुमालाच्या खेळात एकदाही चुकत नाही’ असं सांगितलं, तर आधी कान तपासले जातात.