रेडिएशनचं मार्जिन: कायमची चूक आणि रोजची चूक

"साहेब, सिटी स्कॅन झालाय ना बाबांचा? मग मशीनवर पुन्हा फोटो कशाला?" इंदूरमध्ये सिकाईसाठी, म्हणजे रेडिएशनसाठी, आलेल्या मराठी घरांतून हा प्रश्न हमखास येतो. याचं उत्तर मिलिमीटरच्या हिशेबात आहे. गाठ ठरल्या जागेपासून थोडी सरकू शकते, म्हणून तिच्याभोवती जी जास्तीची पट्टी किरणांत धरतात, तेच मार्जिन.

प्लॅनिंगच्या स्कॅनला पोट फुगलेलं होतं, नंतर कधीच नव्हतं. किंवा पेशंटला मशीनवर नीट जागेवर झोपवायला वापरतात ती लेझरची रेघच मुळात सरकलेली. ही पद्धतशीर चूक, प्रत्येक सिटिंगला त्याच दिशेला. यादृच्छिक चूक वेगळी: आज दोन मिलिमीटर डावीकडे, उद्या एक उजवीकडे.

रांगोळीचा छाप एकाच जागी पुन्हा पुन्हा मारून बघा. हात दर वेळी थोडा हलला तर कडा फिसकटतात, नक्षी जागेवर राहते. छाप प्रत्येक वेळी एकाच बाजूला सरकला तर दुसरी कड कोरीच. गाठीची अशी कड कोरी राहणं परवडत नाही.

म्हणून दोघींचं वजन सारखं नाही. ॲमस्टरडॅमच्या मार्सेल व्हान हर्क आणि सहकाऱ्यांनी २००० साली मार्जिनचं सूत्र दिलं: पद्धतशीर चुकीच्या प्रमाण विचलनाची (चुका सरासरीभोवती किती पसरल्या याचं माप) २.५ पट, अधिक यादृच्छिकची ०.७ पट. हेतू असा की ९० टक्के पेशंटांत लक्ष्यभागाच्या प्रत्येक बिंदूला ठरलेल्या डोसच्या किमान ९५ टक्के मिळावा. दोन्ही विचलनं ३ मिमी धरली तर मार्जिन ९.६ मिमी. यादृच्छिक निम्मी केली तर ८.५५, पद्धतशीर निम्मी केली तर थेट ५.८५. प्रोस्टेटच्या पेशंटला यातून वाचलेला प्रत्येक मिलिमीटर म्हणजे मूत्राशय आणि गुदाशयाला कमी त्रास.

हे आकडे येतात रोजच्या फोटोंतूनच. प्रत्येक पेशंटच्या सरकण्याची सरासरी काढायची. त्या सरासऱ्या किती विखुरल्या, ती पद्धतशीर. पेशंटच्या स्वतःच्या दिवसादिवसांतला चढउतार ती यादृच्छिक. सगळ्या पेशंटांची मिळून सरासरी शून्य आली म्हणून खूश होणारे मला भेटतात. अहो, अर्धे चार मिमी डावीकडे आणि अर्धे तेवढेच उजवीकडे असले तरी शून्यच येतं! दुसऱ्या सेंटरचे आकडे उचलून आपल्याकडे लावणं तर त्याहून वाईट.

पहिल्या काही दिवसांचे फोटो म्हणूनच सर्वांत मोलाचे. त्यांच्या सरासरीवरून जागा दुरुस्त केली की पद्धतशीर चूक बरीच आटोक्यात येते. रोजच्या फोटोने यादृच्छिकही कमी होते.

मात्र हा हिशेब बऱ्याच सिटिंग्जचा. एकाच सिटिंगमध्ये सगळा डोस द्यायचा असेल तर त्या दिवशीची चूक भरून काढायला उद्याचा दिवसच नसतो. मग यादृच्छिक चूकही पद्धतशीरसारखीच धरावी लागते, ०.७ ची सवलत तिथे नाही.