७३ मधून किती वजा करायचे?

बेसबॉलच्या मैदानात कुंपणाच्या अलीकडे तपकिरी मातीचा एक पट्टा असतो, साधारण साडेचार मीटर रुंद. त्याला वॉर्निंग ट्रॅक म्हणतात. चेंडूवर नजर लावून मागे धावणाऱ्या क्षेत्ररक्षकाच्या पायाखालचं गवत संपून माती लागली, की न बघताच त्याला कळतं, भिंत आली. उंच उडालेला चेंडू या मातीवर झेलला गेला तर फलंदाज बाद. तोच आणखी पाच-सहा मीटर गेला तर होम रन. आपल्याकडे सीमारेषेवरचा झेल आणि षटकार यांत असतो तेवढाच फरक. अमेरिकन बेसबॉलमधला स्टेरॉइडचा वाद गेली पंचवीस वर्षं चालू आहे, आणि त्यातलं बरंचसं भौतिकशास्त्र या मातीच्या पट्ट्यात मावतं.

आधी आकडे. एका मोसमात ६० होम रन बेब रूथने १९२७ मध्ये मारले. रॉजर मॅरिसने १९६१ मध्ये ६१ केले, आणि तो विक्रम ३७ वर्षं टिकला. मग १९९८ ते २००१ या चार मोसमांत तीन खेळाडूंनी मिळून सहा वेळा ६१ ओलांडले. मार्क मॅकग्वायरने १९९८ मध्ये ७०, आणि बॅरी बाँड्सने २००१ मध्ये ७३. त्या काळात स्टेरॉइड घेताना सापडलेल्याला शिक्षा होईल अशी चाचणीच तिथल्या मुख्य व्यावसायिक लीगमध्ये नव्हती. ती २००४ मध्ये आली. मॅकग्वायरने २०१० मध्ये कबुली दिली. बाँड्सने ग्रँड ज्युरीसमोर, म्हणजे खटला भरावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळासमोर सांगितलं, की प्रशिक्षकाने दिलेलं मलम आणि थेंब मी वापरले, पण ते स्टेरॉइड आहेत हे मला ठाऊक नव्हतं. न्यायात अडथळा आणल्याबद्दल २०११ मध्ये तो दोषी ठरला, २०१५ मध्ये तो निकाल रद्द झाला. लीगने त्याच्यावर कधीच बंदी घातली नाही.

कोर्टाचं काम संपलं. चाहत्यांचा हिशेब मात्र सुटत नाही: औषधाचा वाटा काढला तर ७३ चे किती उरतात?

औषध काम करतं यात शंका नाही. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे या स्टेरॉइडांमधलं मूळ पुरुषी संप्रेरक, स्नायूच्या पेशीत शिरून एका ग्राहक प्रथिनाला चिकटतं आणि ती जोडी पेशीकेंद्रात जाऊन प्रथिनं बनवणारी जनुकं जोरात चालवते. शलेंद्र भसीन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ४३ पुरुषांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. दहा आठवडे, आठवड्याला ६०० मिलिग्रॅम. ज्यांना खोटं इंजेक्शन दिलं आणि व्यायाम करायला लावला, त्यांचं चरबी सोडून वजन सुमारे २ किलोने वाढलं. ज्यांनी खरं औषध घेतलं आणि व्यायाम अजिबात केला नाही, त्यांचं ३ किलोने. दोन्ही करणाऱ्यांचं ६ किलोने. घाम गाळणाऱ्यापेक्षा नुसता बसून राहिलेला माणूस पुढे गेला, हे वाचून व्यायामशाळेत जाणाऱ्या कुणाचाही जीव हळहळेल.

यावर चाहत्यांचं ठरलेलं उत्तर असतं: ‘दंड फुगले म्हणून चेंडू बॅटला लागत नाही.’ बरोबरच आहे. पिचर १८.४४ मीटरवरून ताशी दीडशे किलोमीटरने टाकतो, चेंडू ०.४ सेकंदात येऊन पोहोचतो. गोल बॅटने गोल चेंडू मारायचा, काही मिलिमीटर इकडेतिकडे झालं की सरळ वर उडतो किंवा जमिनीत आपटतो. ही नजर बाटलीतून मिळत नाही.

पण इथेच टफ्ट्स विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ रॉजर टोबिन यांचं २००८ मधलं गणित मधे येतं. स्नायू १० टक्क्यांनी वाढले तर बॅटचा वेग सुमारे ५ टक्क्यांनी वाढतो, चेंडूचा सुमारे ४ टक्क्यांनी, आणि होम रन वाढतात ५० ते १०० टक्क्यांनी. चाराचे पन्नास कसे झाले? मातीच्या पट्ट्यामुळे. ताशी १६० किलोमीटरने उडालेला चेंडू ४ टक्के वेगवान झाला तर जेमतेम सहा मीटर पुढे पडतो. समजा एखाद्याचे मोसमात ३० फटके कुंपणापार गेले आणि आणखी १५ त्या शेवटच्या सहा मीटरांत झेलले गेले. सहा मीटर मिळाले की ३० चे ४५ झाले. फटके तेच, नजर तीच, फक्त झेल घेणारा भिंतीला पाठ टेकून वर बघत राहिला. होम रन ही सरासरी फटक्याची गोष्टच नाही. फटक्यांच्या अगदी टोकाच्या शेपटीची आहे, आणि थोडा धक्का दिला तरी शेपटी केवढी तरी हलते.

आता मोह बघा. बाँड्सने २००० मध्ये ४९ होम रन मारले, २००१ मध्ये ७३. वाढ ४९ टक्के. टोबिन यांच्या ५० टक्क्यांशी इतकी जुळते, की वजाबाकी झालीच असं वाटावं. मीही क्षणभर तसंच समजलो होतो, मग पुढची वर्षं पाहिली. २००१ मध्ये तो दर साडेसहा अधिकृत फलंदाज्यांमागे (यांत फुकट मिळालेले बेस धरत नाहीत) एक होम रन मारत होता. २००२ पासून तीन वर्षांत ४६, ४५, ४५. म्हणजे पावणेनऊ ते सव्वाआठ फलंदाज्यांमागे एक. आरोप खरे मानले तर औषध काही एका मोसमापुरतं नव्हतं. मग २००१ चा तो सुळका कसला? बराचसा नशिबाचा असावा. टोकाचा आकडा येतो तेव्हा त्यात सगळं एकदम जुळून आलेलं असतं, आणि पुढच्या वर्षी माणूस आपल्या नेहमीच्या पातळीकडे परततो. तेव्हा ७३ आणि ४९ मधला फरक म्हणजे औषध, हे गणित चुकीचं.

शिवाय चेंडूही गप्प बसत नाही. २०१९ मध्ये, चाचण्या कडक असताना, लीगमध्ये ६,७७६ होम रन पडले. स्टेरॉइडच्या ऐन बहरात, २००० मध्ये, ते ५,६९३ होते. लीगनेच नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या समितीला आढळलं, की २०१८ च्या तुलनेत २०१९ मध्ये झालेल्या वाढीतला सुमारे ६० टक्के वाटा हवेचा विरोध कमी झाल्याचा होता, म्हणजे चेंडूचा. शिवणीच्या उंचीतला केसभर फरकही त्यात मोजला गेला. सुईदोऱ्याने जे केलं त्याचा दोष अजून कुणी खेळाडूच्या रक्ताला दिला नाही, एवढंच.

आणि औषध बेरीज करत नाही, गुणाकार करतं. ज्याचे फटके कुंपणाजवळ पोहोचतच नाहीत त्याला सहा मीटरांचा उपयोग काय? स्टेरॉइडच्या चौकशीसाठी लीगने नेमलेले माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांच्या डिसेंबर २००७ च्या अहवालात ८९ खेळाडूंची नावं होती. त्यातल्या बहुतेकांना आज कट्टर चाहत्यांखेरीज कुणी ओळखत नाही.

प्रयोगशाळाही या कामी फारशी मदत करू शकत नाही. तिथली हुशारी थक्क करणारी आहे, हे खरं. कारखान्यातलं टेस्टोस्टेरॉन सहसा सोयाबीनसारख्या वनस्पतींपासून बनतं, आणि त्यांच्यात कार्बनचं जड भावंड, कार्बन-१३, किंचित कमी असतं. आपल्या पोटात मका, ऊस, ज्वारी अशीही पिकं जातात; त्यांत ते जरा जास्त असतं. म्हणून लघवीतल्या टेस्टोस्टेरॉनचे कार्बन मोजले, की ते शरीराने बनवलं की बाहेरून आलं हे सांगता येतं. पण नवा रेणू असेल तर आधी तो शोधायचा आहे हे माहीत असावं लागतं. बाँड्सच्या प्रकरणातले ते थेंब, टीएचजी, कुठल्याच चाचणीत दिसत नव्हते. २००३ मध्ये एका अ‍ॅथलेटिक्स प्रशिक्षकाने वापरलेली सिरिंज पाठवली, तेव्हा कुठे लॉस एंजेलिसच्या डॉन कॅटलिन यांच्या प्रयोगशाळेने त्याची ओळख पटवली. एवढं करूनही उत्तर मिळतं ते घेतलं की नाही घेतलं एवढंच. किती होम रन, ते लघवीत सापडत नाही.

कधीपासून कधीपर्यंत, हेही सोपं नाही. नॉर्वेत ओस्लोच्या संशोधकांनी उंदरांना काही काळ टेस्टोस्टेरॉन दिलं आणि मग थांबवलं. स्नायू ओसरले, पण त्यांत वाढलेली पेशीकेंद्रं तीन महिन्यांनंतरही तशीच होती. ताण दिल्यावर सहा दिवसांत त्या स्नायूतंतूंचा छेद ३१ टक्क्यांनी वाढला. औषध न दिलेल्या उंदरांत लक्षणीय वाढ दिसली नाही. उंदरांचं माणसाला जसंच्या तसं लावता येत नाही. तरी ‘सोडलं, आता पाटी कोरी’ असं म्हणायला जीभ अडखळते.

माझ्यापुरतं मी बाँड्सचं मोजमाप १९९८ च्या अखेरीस थांबवतो. त्याच्याविषयीचे गंभीर आरोप त्यानंतरच्या काळाचे आहेत. तोवर ४११ होम रन, ४४५ चोरलेले बेस (फटक्याची वाट न बघता धावून गाठलेला पुढचा टप्पा), तीनदा मोसमातला सर्वोत्तम खेळाडू, क्षेत्ररक्षणासाठी आठ गोल्ड ग्लोव्ह. एवढ्यावर तो निवृत्त झाला असता तरी थोरांतच बसला असता. नंतरच्या वर्षांतली एक गोष्ट मात्र मला सोडवत नाही: २००४ मध्ये, वयाच्या चाळिशीत, त्याने ४५ होम रन मारले आणि स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडू नीट मारता न आल्याने बाद, झाला फक्त ४१ वेळा. प्रतिस्पर्ध्यांनी त्याला १२० वेळा मुद्दाम वॉक देऊन पहिल्या बेसवर फुकट सोडलं, त्याच्याशी सामनाच नको म्हणून. यातलं किती स्नायूंचं आणि किती डोळ्यांचं? इतक्या उशिरापर्यंत तो रोज सराव करू शकला ते औषधाने थकवा लवकर भरून निघाला म्हणून असेल, तर डोळ्याच्या वाट्यालाही औषधाचा हात लागलाच. इथे मी हात टेकतो.

पत्रकारांनी हात टेकले नाहीत, मतदान केलं. बेसबॉलमधल्या थोरांचा सन्मान करणाऱ्या कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेमसाठी ७५ टक्के मतं लागतात. २०२२ मध्ये, दहाव्या आणि शेवटच्या संधीत, बाँड्सला ६६ टक्के मिळाली.

त्याचा एक चेंडू मात्र तिथल्या संग्रहालयाकडे आहे. ७ ऑगस्ट २००७ ला हँक अ‍ॅरनचा कारकिर्दीतल्या ७५५ होम रनचा विक्रम मोडणारा, ७५६ वा. फॅशन व्यावसायिक मार्क एको यांनी तो ७,५२,४६७ डॉलरला विकत घेतला, त्याचं काय करावं म्हणून इंटरनेटवर लोकांचा कौल घेतला, आणि कौलानुसार त्यावर तारांकन उमटवून तो संग्रहालयाला देऊन टाकला. छापील आकड्यापुढे तारांकन दिसलं की आपण पानाच्या तळाशी टीप शोधतो. या चेंडूला तळ नाही, तो गोल आहे.