मासा गप्पांनी नाही, पावलांनी पळतो

हिमाचलच्या तीर्थन नदीवर ट्राउट माशासाठी फ्लाय फिशिंगला, म्हणजे गळाला नकली माशी लावून मासे धरायला, गेलं की बरोबरचं कुणीतरी दटावतंच, ‘शूऽऽ, बोलू नका, मासे पळतील!’ समज जुना आहे आणि बराचसा चुकीचा. हवेतला आवाज पाण्यावर आदळला की त्याची ९९ टक्क्यांहून जास्त ऊर्जा परत हवेतच जाते. तुमच्या गप्पा ट्राउटपर्यंत जवळजवळ पोचतच नाहीत.

पोचतात ती पावलं. काठावर दाणकन आपटलेला बूट, पायाखाली घरंगळलेला गोटा, यांचे हादरे थेट पाण्यात उतरतात. आतल्या कानाने आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत गेलेल्या पार्श्वरेखेने, म्हणजे पाण्यातली हालचाल टिपणाऱ्या अंगावरच्या रेषेने, ते माशाला कळतात. लहान नदीत तर तो चार पावलांवरच असतो!

शिवाय नजर. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून असतो, म्हणून जाणता गाइड प्रवाहाच्या खालच्या अंगाने, माशाच्या मागून नेतो आणि वाकून चालायला लावतो. माशाला वरचं जग साधारण ९७ अंशांच्या गोल खिडकीतून दिसतं. ताठ उभा माणूस त्यात ठळक दिसतो, बसलेला कडेला चेपला जातो. पाण्यावर पडलेली सावली तर सगळंच घालवते.

तेव्हा माशी कुठे टाकायची हे गाइडला खुशाल विचारा. फक्त बसून विचारा.