दगडाखालचा किडा दुकानात आणण्याआधी

थंडी पडून नाल्यांचं पाणी निवळलं की आमच्या गळ-दोरीच्या दुकानात एकच प्रश्न सुरू होतो. "भाऊ, हा स्टोनफ्लायच व्हय ना?" स्टोनफ्लाय म्हणजे वाहत्या पाण्यात दगडाखाली वाढणारा किडा, त्याच्यासारखं नकली आमिष गळाला लावायचं म्हणून आधी ओळख पटवायची असते. समोर माचिस येते, उघडावी तर आत नुसता चुरा.

किडा कोरडा आणू नका, एवढं पाळलं तरी तुमची दुसरी चक्कर वाचते. स्टोनफ्लायच्या पिल्लाला दोन शेपट्या आणि मेफ्लायच्या, म्हणजे त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या पाणकिड्याच्या, पिल्लाला तीन, हे मोबाइलवर बघून सगळ्यांना पाठ झालं आहे. पण माचिसमध्ये मेफ्लायची एखादी शेपटी तुटते, दोन उरतात आणि गिऱ्हाईक खुश. त्यातून काही मेफ्लायना मुळातच दोन शेपट्या असतात. म्हणून शेपट्या शेवटी मोजा. आधी किडा उताणा करून भिंगाखाली पाय बघा. प्रत्येक पायाच्या टोकाला दोन नख्या असतील तर स्टोनफ्लाय, एकच असेल तर मेफ्लाय. मग कल्ले बघा. मेफ्लायचे कल्ले पोटाच्या दोन्ही कडांना असतात आणि जिवंतपणी फडफडतात. आपल्याकडच्या स्टोनफ्लायचे कल्ले छातीखाली, पायांच्या मुळाशी, कापसाच्या पुंजक्यांसारखे दिसतात. मागे तीन चपटी पानं असतील तर ते टाचणीचं, म्हणजे चतुरासारख्या बारीक किड्याचं, पिल्लू.

औषधाची रिकामी बाटली घ्या, त्यात स्पिरिट किंवा हँड सॅनिटायझर भरा आणि किडा पूर्ण बुडवा. नाल्याचं नाव आणि तारीख चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहून आतच टाका, पेनाची शाई स्पिरिटमध्ये उतरते. पाण्याच्या बाटलीत जिवंत आणायच्या भानगडीत पडू नका. स्टोनफ्लायला थंड, वाहतं पाणी लागतं. मोटरसायकलच्या डिकीत तो घरापर्यंतही टिकत नाही.

बर्फावर चालणारे काळे किडे व्हिडिओत पाहून 'विंटर स्टोनफ्लाय' मागणारेही आता येतात. ते कॅप्निडी आणि टेनिऑप्टेरिजिडी या कुळांतले, थंड मुलखातले. त्यातल्या बऱ्याच जातींची पिल्लं उन्हाळाभर नदीच्या तळात खोल दडून राहतात आणि ऐन थंडीत त्यांना पंख फुटतात. आपल्या डोंगराळ नाल्यांत सापडतात ते बहुतेक पर्लिडी कुळातले, इतर किडे खाऊन वाढणारे. डिसेंबरात सापडला म्हणून तो विंटर स्टोनफ्लाय होत नाही. आणि तलावातून आणला असेल तर बाटली उघडायचीही गरज नाही, साचलेल्या मालगुजारी तलावात स्टोनफ्लाय राहत नाही.

व्हॉट्सॲपवरचा वरून काढलेला फोटो बघून आम्ही नाव सांगत नाही, यावर काहीजण रुसतात. पण वरून ना नख्या दिसतात, ना कल्ले. अंदाजानं नाव ठोकून गळ विकणं सोपं आहे, पण पुढच्या रविवारी तुम्हीच वाद घालायला याल. फोटोच पाठवायचा तर पांढऱ्या ताटलीत थोडं पाणी घ्या, शेजारी रुपयाचं नाणं ठेवा आणि एक फोटो पोटाकडून काढा. आम्ही गट आणि फार तर कूळ सांगतो, जात सांगत नाही. पैसे घेत नाही.

ओळख पटली की पुढचं काम सोपं. स्टोनफ्लायचं पिल्लू तळाशी रांगतं आणि कात टाकायला दगडावर चढून बाहेर येतं, त्यामुळे आमिष तळालगतच फिरलं पाहिजे. त्यासाठी बारीक शिशाचे मणी आणि हातानं बांधलेली नकली पिल्लं आमच्याकडे मिळतात. गळाचा नंबर वाढला की गळ लहान होतो, हे मात्र घेताना ध्यानात ठेवा. आपल्याकडच्या मोठ्या पिल्लासाठी दहा-बारा नंबर बरा.

उलटलेला दगड होता तसा परत ठेवा. अभयारण्यातून किडा आणू नका, आम्ही हातात घेणार नाही. बाजाराच्या दिवशी दुकानात गर्दी असते, त्या दिवशी बाटलीवर नाव लिहून ठेवून जा.